डेकवरचा उजेड, पाण्यावरचा उजेड

पालघरच्या किनाऱ्यावर 'एलईडीवाले' म्हटलं की समोर उभ्या राहतात त्या पाण्यावर प्रखर दिव्यांचा झोत टाकून रातोरात माशांचे थवे उपसणाऱ्या बोटी. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, वरोर, वाढवण, डहाणू या सगळ्या पट्ट्यात त्यांच्याविषयी राग आहे. अखिल महाराष्ट्र मच्छीमार कृती समितीच्या आंदोलनांत पर्ससीनच्या जोडीने एलईडी मासेमारी बंद करण्याची मागणी वर्षानुवर्षं होत आली आहे. आणि त्याच मागणीसाठी मोर्चात चालणाऱ्या माणसाच्या बोटीवर केबिनमध्ये, इंजिनाजवळ, बर्फाच्या खणात आणि जाळं ओढण्याच्या जागी दिवा कोणता असतो? एलईडीच. यात ढोंग काहीच नाही. रात्री ओल्या डेकवर उभं राहून काम करणाऱ्या खलाशाला उजेड लागतो, आणि आज सर्वांत कमी बॅटरी खाऊन सर्वांत जास्त उजेड देणारा दिवा हाच आहे. एकच वस्तू एका जागी समुद्र रिकामा करते आणि दुसऱ्या जागी बोटं वाचवते. मासेमारी बोटीवर एलईडी निवडताना आणि बसवताना हा फरक दिव्याच्या रचनेतच दिसायला हवा, तो मालकाच्या मनात असून भागत नाही, हे या लेखातलं मुख्य म्हणणं आहे.

आधी कायदा. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. पाण्यावरचे किंवा पाण्याखालचे दिवे, मासे आकर्षित करणारी साधनं, जनरेटर असो वा नसो, ट्रॉलिंग, पर्ससीन आणि दालदी (गिलनेट) मासेमारीसाठी वापरायची नाहीत. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं. तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 लागू आहे. त्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीने एलईडी मासेमारीचा दंड 20 लाख रुपयांपर्यंत नेला. लहान बोटीच्या मालकाला हा आकडा आयुष्यातून उठवणारा आहे. त्यामुळे 'माझा दिवा डेकचा आहे' हे तोंडाने सांगून भागेल, अशी आशा कुणी धरू नये.

बंदीमागचं कारण शरीरशास्त्रात आहे. तारली, बांगडा, माकूळ असे जीव आणि त्यांचं खाद्य असलेले सूक्ष्म प्राणी प्रकाशाकडे ओढले जातात. अंधाऱ्या पाण्यात एक उजळ घुमट तयार केला की त्यात पिल्लांपासून अंडी धरलेल्या मादीपर्यंत सगळे गोळा होतात आणि जाळं त्यांच्यात निवड करत नाही. जपानमध्ये माकूळ पकडणाऱ्या बोटींचे दिवे उपग्रहाच्या छायाचित्रांत शहरांसारखे चमकतात, इतकी या पद्धतीची ताकद आहे. ही ताकद कोकणच्या किनाऱ्यावर पर्ससीनच्या हाती गेली, तेव्हा पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याला येणारा मासा आधीच वाटेत उचलला जाऊ लागला. पालघरच्या माणसाची चीड इथून येते. पापलेटसाठी ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर ती जास्तच तीव्र असणं स्वाभाविक आहे. 2023 साली राज्याने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, तो मासा कमी होत चालल्याची तक्रार करतच सातपाटीने या दर्जाची मागणी लावून धरली होती.

आता डेककडे येऊ. दालदी जाळं बऱ्याचदा संध्याकाळी टाकतात आणि रात्री किंवा पहाटे ओढतात. डोल जाळ्याचं काम भरती-ओहोटीच्या वेळेवर चालतं, ती वेळ रात्री दोनचीही असू शकते. जाळं ओढणाऱ्या यंत्राच्या रुळाशी हात असतात, दोरखंड पायाखालून सरकत असतो, जाळ्यातून मासा सोडवताना काटा टोचतो, शिंगाळ्याचा काटा तर दिवसभर ठणकतो. ही सगळी कामं डेकच्या दोन-तीन ठरावीक जागी होतात. उजेड तिथेच पडायला हवा. आपल्याकडे मात्र केबिनच्या टपावर एक मोठा फ्लडलाइट आडवा ठोकायचा आणि त्याने सगळं उजळेल असं मानायचं, ही सवय घट्ट आहे. त्या एका दिव्याने काम करणाऱ्याची सावली त्याच्याच हातावर पडते, तांडेलाच्या डोळ्यांत झगमग होते आणि निम्मा प्रकाश कठड्यापलीकडे पाण्यात जातो. दंड करणारा अधिकारी नेमका तोच निम्मा भाग पाहणार.

यापेक्षा 15 ते 20 वॉटचे चार छोटे दिवे बरे. एक जाळं ओढण्याच्या जागी, एक मासा निवडण्याच्या जागी, एक मासळीच्या खणाच्या तोंडावर, एक नाळेकडच्या दोरखंडांवर. प्रत्येकाचं तोंड खाली आणि बोटीच्या आतल्या बाजूला. बाहेरच्या कडेला पत्र्याची झाप. पाणी उजळू नये म्हणून याहून महागाचं काही लागत नाही. प्रत्येक दिव्याला वेगळं बटण हवं, कारण खण उघडताना नाळेचा दिवा कशाला जळत राहावा?

बॅटरीचं गणित इथेच मांडतो. 55 वॉटचे चार हॅलोजन म्हणजे 220 वॉट, 12 व्होल्टवर सुमारे 18 अँपिअर. दहा तासांत 180 अँपिअर-तासांच्या वर. तेवढाच किंवा थोडा जास्त उजेड देणारे 20 वॉटचे चार एलईडी 80 वॉट घेतात, म्हणजे साडेसहा-सात अँपिअर, दहा तासांत 67. शिशाच्या बॅटरीतून अर्ध्यापेक्षा जास्त वीज रोज काढली तर ती लवकर मरते. दालदीची बोट जाळं टाकून इंजिन बंद ठेवून वाहत राहते तेव्हा चार्जिंग नसतं. हॅलोजनच्या काळात पहाटे इंजिन सुरू व्हायला नकार देत असे, त्याचं कारण बहुधा दिवेच असत. पांढऱ्या एलईडीचा पाया असलेल्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या शोधाचा दालदीच्या बोटीला झालेला फायदा हा असा थेट बॅटरीत मोजता येतो.

रंगाबद्दल मतं वेगवेगळी आहेत आणि दुकानदार बहुतेकदा सर्वांत पांढरा, निळसर झाक असलेला 6500 केल्विनचा दिवा पुढे करतो. तो डोळ्यांना 'जास्त' वाटतो, पण धुक्यात आणि पावसाच्या तुषारांत त्याचाच प्रकाश परत डोळ्यांवर येतो. मासा निवडताना तर त्याचा तोटा आणखी आहे. ताज्या माशाचा कल्ला लालभडक असतो आणि त्यावरूनच दर ठरतो. हलक्या दिव्याखाली तो करडा दिसतो. 4000 केल्विनच्या आसपासचा आणि रंगनिर्देशांक 80 च्या वर असलेला दिवा निवडण्याच्या जागी लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. केबिनमध्ये मंद लाल दिवा हवा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. लाल प्रकाशात नकाशा, जीपीएस, चहाचा पेला दिसतो आणि काचेपलीकडचा अंधारही डोळ्यांना दिसत राहतो.

अंधार दिसणं इतकं का महत्त्वाचं? कारण समोरून जहाज येतं. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मासेमारी करणाऱ्या बोटीने आपली ओळख दिव्यांनी सांगायची असते. ट्रॉलर असेल तर वर हिरवा आणि खाली पांढरा. दालदी, डोल यांसारखी इतर मासेमारी असेल तर वर लाल, खाली पांढरा. हे दिवे चारही बाजूंनी दिसले पाहिजेत. जाळं आडव्या अंतरात 150 मीटरपेक्षा जास्त पसरलं असेल तर जाळ्याच्या दिशेला आणखी एक पांढरा. बोट पाण्यातून चालत असेल तर डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. त्याच नियमावलीतला विसावा नियम सांगतो की या दिव्यांशी गोंधळ होईल, ते झाकोळतील किंवा टेहळणीत अडथळा येईल असा दुसरा दिवा लावायचा नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम हाच आहे. डेकवरच्या झगमगाटात लाल-पांढरा दिवा बुडून जातो आणि मैलभर लांबून येणाऱ्या जहाजाला फक्त एक पांढरा गोळा दिसतो. ती बोट थांबली आहे की चालते आहे, तिचं जाळं कुठे पसरलंय, काहीच कळत नाही.

पालघरला हा प्रश्न येत्या काळात आणखी टोकदार होणार. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली, सुमारे 76,000 कोटी रुपयांच्या प्रकल्पाची. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध जुना आहे आणि त्यातली भीती खरी आहे. बंदराबद्दल कुणाचं काहीही मत असो, मोठी जहाजं वाढली की लहान बोटीला ओळखता येणं ही जिवाची गोष्ट होते. त्याच कार्यक्रमात मासेमारी बोटींवर 1 लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचीही सुरुवात झाली. यंत्र उपयोगी आहेच. पण जहाजावर पहारा देणारा माणूस शेवटी खिडकीतून बघतो, आणि त्याला दिवे दिसतात.

एवढं ठरलं की उरते वायरिंगची गोष्ट, आणि बहुतेक बोटींचा उजेड तिथेच विझतो. घरगुती वायरचा जोड टेपने गुंडाळून केबिनच्या टपावर ठेवला, त्याला दोन हंगाम झाले. तो कापून पाहावा. बाहेरून वायर ठीक दिसते. आत तांब्याच्या बारीक तारा काळ्या पडलेल्या असतात, जोडाजवळ हिरवी पूड जमलेली असते आणि ती काळोखी प्लास्टिकच्या आवरणाखाली हातभर आत चढलेली असते. बारीक तारांच्या मधल्या फटींतून खारट ओलावा वर शोषला जातो. अशी वायर मीटरवर 'चालू' दाखवते, पण दिव्याचा भार पडला की त्यातच व्होल्ट संपतात आणि जोड तापतो. यावर उपाय म्हणजे टिनचा मुलामा दिलेल्या तारांची सागरी केबल. ती महाग आहे. पण दोन हंगामांनी पूर्ण वायर बदलण्यापेक्षा ती स्वस्त पडते. जोडाला नीट दाबलेला लग, त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी नळी, आणि जिथे शक्य असेल तिथे जोडच नको. सील करताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नये, ते तांबं खातं. वास नसलेलं, 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्यावं. दिव्यात वायर खालून शिरावी आणि शिरण्याआधी तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून गळून जातं.

वायरची जाडी हा तोंडी अंदाजाचा विषय समजला जातो, तो तसा नाही. 100 वॉटचा भार, बॅटरीपासून 10 मीटरवर, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जाऊन-येऊन 20 मीटर. 12 व्होल्टवर प्रवाह सव्वाआठ अँपिअर आणि वाटेत हरवतात सुमारे 1.2 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. त्यात एलईडीचा प्रवाह सांभाळणारा ड्रायव्हर व्होल्ट कमी झाले की जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे घट आणखी वाढते. मग दिवा लुकलुकतो आणि दोष दिव्याला मिळतो. हीच बोट 24 व्होल्टची असती तर घट अडीच टक्क्यांच्या आसपास राहिली असती. 12 व्होल्टवर राहायचं तर लांबच्या दिव्यांना जाड वायर टाकावी लागेल, किंवा भार दोन वायरींत विभागावा लागेल. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून हवा. केबिनमधल्या बोर्डावर बसवलेला फ्यूज बॅटरी ते बोर्ड या पट्ट्यातल्या वायरचं रक्षण करत नाही, आणि डिझेलच्या शेजारून जाणारी वायर तीच असते.

असं वायरिंग करणारे हात लांब नाहीत. सरावलीला समुद्र नाही. पण तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेल्या या गावात आणि बोईसरमध्ये कारखान्यांचे पॅनल जोडणारी, ग्लँड आवळणारी, आम्लाच्या वाफेत टिकणारं वायरिंग करणारी माणसं राहतात. खारी हवा आणि रसायनांची हवा यांचा तांब्यावरचा परिणाम फार वेगळा नाही. किनाऱ्यावरच्या बोटमालकाला हवं असलेलं कौशल्य इतक्या जवळ असताना डेकचं वायरिंग कुठल्याही हातोटीशिवाय उरकलं जावं, हे मला खटकतं. मात्र कारखान्याच्या वायरमनला एक सवय बोटीवर सोडावी लागते. कारखान्यात सगळ्याला अर्थिंग केलेलं असतं. बोटीवरच्या डीसी वायरिंगमध्ये परतीची वायर स्वतंत्र ओढावी लागते, लोखंडी सांगाडा किंवा इंजिनाचा धातू परतीचा रस्ता म्हणून वापरायचा नाही. तसा वापरला तर भरकटलेला प्रवाह पाण्यातले धातूचे भाग झिजवतो. 230 व्होल्टचा घरगुती फ्लडलाइट छोट्या जनरेटरवर लावण्याची पद्धत तर मुळातच बंद व्हायला हवी. जनरेटरचा न्यूट्रल कशालाही बांधलेला नसेल तर गळती ओळखणारं आरसीसीबी नेमकं तेव्हा पडत नाही, जेव्हा त्याची गरज असते. डेक ओला, अंग ओलं, पाय अनवाणी. शिवाय जनरेटरवरचा मोठा फ्लडलाइट ही एलईडी मासेमारीची जगजाहीर खूण आहे.

बाजारातल्या डब्यांवर 126 वॉट, 180 वॉट असे आकडे छापलेले असतात. ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दुकानातच 12 व्होल्टची बॅटरी जोडून क्लँप मीटर लावावा. प्रवाह साडेतीन अँपिअर आला तर दिवा 42 वॉटचा, डब्यावर काहीही लिहो. मागच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्या जाड आणि जड आहेत का ते हातात धरून पाहावं, कारण एलईडी उष्णतेनेच मरते. त्या पाकळ्यांवर रंगाचा हात मारणं म्हणजे दिवा गुदमरवणं. पाण्याविषयी: आयपी65 म्हणजे पाण्याची धार सोसणारा, आयपी67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा. डेकसाठी 67 च्या खाली उतरू नये. व्होल्टची मर्यादा '10 ते 30' अशी रुंद असावी, कारण चार्जिंग चालू असताना 12 व्होल्टची बॅटरी 14.4 पर्यंत जाते. इंजिन चालू असताना बॅटरीचं टोक सैल झालं किंवा कुणी काढलं, तर येणारा उसळा एका क्षणात सगळे ड्रायव्हर जाळू शकतो. स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेसचे हवेत आणि ॲल्युमिनियमशी त्यांचा थेट स्पर्श नको, मध्ये नायलॉनची चकती हवी, नाहीतर वर्षभरात भोकाभोवती पांढरी पूड धरते आणि दिवा ब्रॅकेटसकट निखळतो.

एक धोका फारसा कुणी बोलत नाही. स्वस्त एलईडीच्या आतला ड्रायव्हर प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि त्यातून रेडिओ लहरींचा कचरा बाहेर पडतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट 2018 मध्ये याबद्दल खास इशारा काढला होता, की अशा दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ आणि जहाजांची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा बहिरी होऊ शकते. म्हणजे डेक उजळलेला असताना सोळा नंबरच्या चॅनलवरची मदतीची हाक ऐकूच येणार नाही. तपासणी सोपी आहे. व्हीएचएफ एखाद्या शांत चॅनलवर लावावा, स्क्वेल्च इतका फिरवावा की खरखर नुकतीच बंद होईल, आणि मग डेकचे दिवे एकेक करून लावावेत. खरखर परत आली तर तो दिवा दोषी. अँटेनापासून लांब हलवावा, वायरला फेराइटची कडी घालावी, तरी थांबेना तर दुकानदाराला परत द्यावा.

ही सगळी कामं 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत, बोटी शाकारून वर ओढलेल्या असताना करता येतात. पण शेवटची पाहणी पाण्यातच, रात्रीच. सगळे दिवे लावून बोट नांगरावी आणि छोट्या होडीतून पाचशे मीटर लांब जाऊन तिच्याभोवती फेरी मारावी. लाल-पांढरा जोड स्पष्ट सुटा दिसतो का? डेकचा कुठलाही दिवा थेट डोळ्यांत येतो का? कठड्याबाहेर पाणी उजळलंय का? दिसला दोष तर झाप वाकवावी, कोन बदलावा.

प्रकाशाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. 2022 साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दालदीसारख्या जाळ्यांवर ठरावीक अंतराने छोटे हिरवे एलईडी बांधल्यावर नको असलेली, फेकून द्यावी लागणारी पकड 63 टक्क्यांनी घटली. मुशी-पाकट यांच्या कुळातल्या प्राण्यांची तर 95 टक्क्यांनी. हव्या असलेल्या माशांत घट पडली नाही आणि जाळं साफ करण्याचा वेळही वाचला. समुद्री कासवं अडकण्याचं प्रमाण असे दिवे कमी करतात, हे त्याआधीच्या प्रयोगांत दिसलं होतं. डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, इतका हा विषय आपल्या दाराशी आहे. इथले मासे वेगळे, पाणी गढूळ, त्यामुळे तिकडचे आकडे इथे चिकटवता येणार नाहीत. पण 2017 च्या आदेशाची भाषा इतकी रुंद आहे की दालदीवर असा दिवा बांधून पाहणारा मच्छीमारही गुन्हेगार ठरेल. संशोधन संस्था आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी सातपाटीच्या सहकारी संस्थांना बरोबर घेऊन मर्यादित परवानगीने हा प्रयोग करायला हवा.

त्याच विभागाकडून दुसरीही अपेक्षा आहे. डेकवरच्या दिव्यांना अधिकृत व्याख्या हवी: एकूण वॉट किती, दिव्याचं तोंड कुठे, झाप हवी की नको, जनरेटर चालेल की नाही. आज हे अधिकाऱ्याच्या नजरेवर सोडलेलं आहे. त्याचा त्रास नियम पाळणाऱ्या लहान बोटीला होतो आणि फायदा त्याला, जो शंभर दिवे लावून 'हे डेकसाठी आहेत' म्हणतो. बोटीच्या लांबीनुसार वॉटची कमाल मर्यादा आणि पाण्याकडे तोंड केलेल्या कुठल्याही दिव्याला सरसकट मनाई, एवढी दोन कलमं परवान्याच्या अटींत घातली, तर बंदरावर क्लँप मीटर घेऊन उभा राहिलेला कर्मचारी पाच मिनिटांत निकाल देऊ शकेल.